चौदा नंबरचा टाका

ऑक्टोबरात, समुद्र गोठायला अजून अवकाश असताना,
युर्की गाडी टो करून घेऊन आला.
वडिलांच्या कोठारात अकरा हिवाळे उभी होती.
"नव्यासारखी करून दे, राईली.
शनिवारी गिऱ्हाईक येतंय."

नव्यासारखी.
मी काही बोलले नाही. चारी दारं उघडली
आणि आत बसलेल्या वासाला
आधी उतरू दिलं:
ओला कुत्रा, पाइपची तंबाखू, सांडलेलं ताक,
आणि सगळ्यांच्या खाली दबलेलं
पण जितं, चामडं.

घाई असेल त्यानं या कामाला हात लावू नये.
आधी शिवणीतली माती, कण न् कण,
नाहीतर तीच सँडपेपर होते.
मग फेस. पाणी नव्हे, नुसता फेस,
घोड्याच्या केसांचा ब्रश, गोल गोल, दाब न देता,
आणि सुकायच्या आत टिपून घ्यायचं.
फडकं आधी काळ्या कॉफीसारखं निघालं,
मग दूध घातलेल्या,
चौथ्या खेपेला कळलं
सीट तपकिरी नव्हतीच कधी.
करडी होती.
युर्कीला मात्र ती तपकिरीच आठवते.

ड्रायव्हरच्या बाजूची कड,
जिथून ओस्मो तीस वर्षं आत सरकला, बाहेर सरकला,
तिथे भेगा,
काळ्या पावाच्या पाठीला असतात तशा.
तिथेच, भेगांच्या वर चार बोटं,
एक टाका स्वतःवरच दोनदा पडलेला.

मी सीट पुढे ओढली. खाली हात घातला.
कापडी पट्टी, पिवळी पडलेली: १४.

चौदा म्हणजे मी.
खाडीपलीकडचा कारखाना, वय एकोणीस,
तिसरी रांग, खिडकीपासून दुसरं मशीन.
त्या दिवशी सुई बोटातून आरपार गेली
आणि मुकादम हिल्का ओरडली,
"चामड्याला रक्त लागू देऊ नकोस,
बोटाचं मागाहून बघू!"
टाका तपासणीतून निसटला.
हिल्का गेली. मशीनं कुठे तरी भंगारात गेली.
टाका आहे.

क्रीम तळव्यावर घेऊन ऊन करायचं.
ओतायचं नाही. चामडं पिईल तेवढंच पितं,
उरलेलं नुसतं चकाकतं, आणि चकाकी म्हणजे
तहान भागली असं नव्हे.
रात्रभर चादर टाकून ठेवायचं.
सकाळी जिथे कोरडं दिसेल तिथेच दुसरा हात.
भेग भरत नाही.
भेग मऊ होते, एवढंच होतं.

डब्यावर लिहिलंय: त्वचेला लावू नये.
मी चष्मा लावून पुन्हा वाचलं.
मग तळव्यावर उरलेलं
बोटांच्या पेरांवर जिरवलं,
त्या बोटाला जरा जास्त.

शनिवारी युर्की येऊन बसला. सीट करकरली नाही.
"नवी नाही दिसत," तो म्हणाला.
"नाही."
त्याचा हात कडेवरून वर गेला, टाक्यापाशी अडला.
"इथे काय झालंय?"
"कुणीतरी कामावर होतं," मी म्हटलं,
आणि पैसे सांगितले, आणि हेही सांगितलं
की सीटचा हीटर बेतानं लाव,
चामडं आतून सुकतं.

फाटकाबाहेर कुणी तरी हॉर्न वाजवला.
तो उतरला नाही.
मी फडकी पिळायला आत गेले.
पाणी अजून तपकिरीच निघत होतं.