थंडाची धार

रंगपंचमीच्या संध्याकाळी नातू घरी आला
तिवंध्याच्या रहाडीत उडी मारून, कानाच्या पाळीपर्यंत केशरी,
आणि थंड नळाखाली बसून ओरडला,
"आजोबा, हा नळ रडतोय का?"

हिवाळाभर कुणी पाहिलंच नव्हतं.
जेल रोडच्या त्या थंडीत घरातला प्रत्येक हात
लाल ठिपक्याकडेच जायचा.
गरम धबाधबा.
थंड करंगळीएवढं, तेही मध्येच उचकी देत.

मी तीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
एक रेघ कमी, एक अंक पुसट,
बोट नेमकं तिथं थांबायचं.
म्हटलं, हेही शोधू.
दहा लिटरची बादली, भिंतीवरचं घड्याळ:
गरम, पन्नास सेकंद.
थंड, चार मिनिटं दहा.
वहीत लिहिलं, खाली तारीख, सही.
मंदा म्हणाली, "सहीनं प्रेशर वाढतं का?"

नळाची जाळी उघडली: वाळूचे दोन कण, टेफ्लॉनची चिंधी.
शॉवर रात्रभर लिंबाच्या पाण्यात.
मग गंगापूर धरणाला बोल लावला,
महापालिकेला,
शेवटी शेजारच्या बागुलांच्या नव्या पंपाला.

सकाळी हिरामण गांगुर्डे आला.
पाना पिशवीतच. आधी नुसतं विचारत गेला.
किचनमध्ये? तिथंही बारीक.
फ्लश? भरायला युग लागतं.
गरम? जोरात.
"म्हणजे टाकी बरोबर. दोष टाकीच्या पुढं, नळाच्या मागं.
कधीपासून?"
मी मंदाकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे.

गच्चीवर एका टाकीतून दोन पाइप निघतात,
एक सोलरला, एक खाली.
खालच्याच्या वॉल्व्हचं चाक त्यानं फिरवलं,
फिरलं, लोण्यासारखं, शेवटपर्यंत.
"उघडाच आहे की," मी.
"चाक उघडंय, साहेब."
स्क्रू ड्रायव्हरचं टोक पितळेवर, मूठ कानाला,
चुलीवरच्या भाताची कढ ऐकावी तसा वाकला.
"आतलं गेट दांड्यावरून सुटलंय.
वाटेत आडवं पडलंय.
तुम्ही फिरवाल तेवढं चाक फिरेल."

पाइप कापला, नवा बॉल वॉल्व्ह बसवला.
जिन्यातून मंदाचा आवाज:
"अगं बाई, साडी भिजली सगळी!"

चहा पिताना मी विचारलं, पेठकडे पाणी कसंय?
"आमच्या पाड्यावर प्रेशर कुणी विचारत नाही.
आलं का, एवढंच."
बशी पालथी घातली, पैसे दोनदा मोजले, निघाला.

बादली: अठ्ठेचाळीस सेकंद.
लिहून ठेवलं. "कधीपासून" पुढं जागा कोरी.
ती पितळी चकती चष्म्याच्या डबीत आहे.
काल भिंगाखाली धरली.
कड झिजलेली, अगदी किंचित,
नोट असती तर
मी पास केली असती, इतकी.