प्रूफ

सतरा वर्षं मंडळाची पत्रकं मीच लिहितो.
श्रवणीय, सुश्राव्य, स्वरांची मेजवानी.
मेजवानी छापलं की फोंड्यातले चौघे तरी
जेवण किती वाजता, असं विचारून जातात.
यंदाही लिहिलं:
'कै. भिकू मास्तर यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ
इंदुमती पर्येकर यांच्या स्वर्गीय गायनाची
अविस्मरणीय संध्याकाळ',
आणि बसस्टँडमागच्या छापखान्यात देऊन आलो.

टाइप करतो तो सावियो, बोरीचा.
देवनागरी शिकला लग्नपत्रिकांवर.
'चि. सौ. कां.' त्याला झोपेतही जमतं.
पण इथे बोट थांबलं त्याचं.
"सर, कै. म्हणल्यार मेल्लो न्हय?
आनी स्वर्गीय?"
म्हटलं, तोही.
"मागीर गायता कोण?"

विशेषण आहे रे ते, मी म्हणालो.
त्यानं मान हलवली,
मयताच्या घरी हलवतात तशी.
पुढच्या ओळीत 'गळ्यातून पाझरणारं अमृत'.
"दोतोराक दाखयलें?"
हे अगदी हळू, कीबोर्डकडे बघत.

तेवढ्यात बाईच आल्या.
मडगावहून, दाताचं काम करून, कदंबातून उतरून थेट.
पिशवीतून लाल भाजीचे देठ बाहेर आलेले.
"बघू प्रूफ."
चष्मा घरी राहिलेला, माझाच लावला.
स्वर्गीय खोडलं. अमृत खोडलं.
'गानतपस्विनी'पाशी जरा रेंगाळल्या,
मला वाटलं, हे ठेवतील.
"तप कसलं हो? दुपारी दोन तास झोपते मी."
खोडलं.
'ख्यातनाम मातेची कन्या' मात्र खोडलं नाही.
नुसतं 'ख्यातनाम माता' काढून
तिथे आईचं नाव लिहिलं,
सावकाश, शाळेतल्यासारखं, रेघेला धरून.
ते नाव आजवर कुठल्याच कागदावर छापलं गेलं नव्हतं.
देवळाच्या खर्चवहीत असायचं इतकंच:
गाणारीण एक, तांदूळ तीन पायल्या.

उरलं काय? दोन नावं, तारीख,
म्हार्दोळ, साडेसहा,
आणि 'गातील'.
त्यावरही पेन टेकलं.
"हवा दमट आहे. घसा आयत्या वेळी काय म्हणेल, कोण जाणे.
'गायचा प्रयत्न करतील' असं नाही चालणार?"
सावियोनं लगेच टाइप केलं.
अध्यक्ष कुंकळ्येकरांनी फोनवरून तितक्याच लगेच काढायला लावलं.
देणगीदार काय म्हणतील?
आणि हो, प्रवेश विनामूल्य लिहा,
पहिल्या तीन रांगा राखीव.

रात्री ट्रंकेतून जुनी पत्रकं काढली.
सतराच्या सतरा संध्याकाळी अविस्मरणीय.
मला त्यांतली एकच आठवते.

वीज गेली होती. माइक मुका.
तबलजी तुळशीदास अंधारात हातोडी चाचपत होते.
तानपुरा चालूच, त्याला विजेचं काय?
आणि बाई आवाज वाढवायच्या सोडून
खाली उतरत गेल्या, खर्जात,
इतक्या खाली की
मागच्या खांबाला टेकलेल्यांनी सरकूनच ऐकावं.
आम्ही सरकलो. चटयांसकट.
शेवटी राखीव रांगांत जाऊन बसलो,
कुणी उठवलं नाही,
कोण कुणाच्या शेजारी तेही दिसत नव्हतं.
राग कुठला होता? तेव्हा ठाऊक होतं.

त्या वर्षीचं पत्रक उलगडून पाहिलं.
माझंच अक्षर, माझाच मजकूर:
'भव्य विद्युत रोषणाईसह'.

सकाळी सावियोचा फोन.
"सर, सकयल जागो खूब उरला.
कितें घालूं? फूल घालूं? वीणा आसा म्हजेकडेन."
म्हटलं, राहू दे कोरी.
तो गप्प.
मग मला समजावून सांगावं तसा म्हणाला,
"पयशे पूण तितलेच पडटले, सर."