सहा मिनिटं

फळ्यावर खडूनं मीच लिहिलंय :
ओकसाल ते तिमबिल, वीस किलोमीटर, सहा मिनिटं.
पापुआच्या या उतरत्या धावपट्टीवर
फळा माझा, रेडिओ माझा, वजनकाटाही माझाच.

सोमवारी वेसानी काट्यावर चढली,
पाठीवर रताळी, आणि लेकीच्या होणाऱ्या बाळासाठी
विणलेली एक इवलीशी झोळी.
एकसष्ट किलो. वहीत मांडले.
पलीकडून उत्तर आलं : दरी ढगानं बुजलीय.
मंगळवारी तेच. बुधवारी तेच.
गुरुवारी काट्यावर नुसतं दव.

तिच्या पायांना खडू कळत नाही.
नदीपर्यंत उतार, वेताचा झुलता पूल,
मग चढ, जळवा, कुणाच्या तरी चुलीशी रात्र,
पुन्हा चढ.

शुक्रवारी विमान आलं.
तिच्या जागी पायलटनं तांदूळ आणि रॉकेल भरलं.
मी घड्याळ बघत राहिलो.
तिसऱ्या मिनिटाला
खाली कुठंतरी तिनं मान वर केली असेल,
कपाळावरचा बंद सावरत,
आणि शिवीही दिली असेल. मला.

शनिवारी रेडिओ खरखरला :
पोचली. मुलगी झाली.
झोळी किती भरली? मी उगाच विचारलं.
तिमबिलचा पोरगा हसला,
"काटा कुठंय इथं?"