तिसरी ओळ

मी तेव्हा अकरा वर्षांचा, तंबूतला कंदिल्या.
मंचाच्या कडेला रॉकेलचे सहा दिवे मांडायचे,
वाती कापायच्या, काचा पुसायच्या,
आणि लुव्हिनिया प्रूइट आली की तिच्या पायांशी बसायचं,
ठिणगी झग्यावर उडू नये म्हणून.
त्यामुळे मला तिचा चेहरा कमी, बूट जास्त माहीत.
डाव्याची शिवण उसवलेली.
ताल तोच धरायचा.

मिसिसिपीत कापूस वेचून झाला
की लोकांच्या हातात चार पैसे, आणि मग आम्ही.
तंबूच्या मधोमध एक दोर:
तिकडे गोरे, इकडे आपण.
ती दोराकडे बघायचीसुद्धा नाही.
एक ओळ म्हणायची. थांबायची.
तीच पुन्हा म्हणायची,
जणू पहिल्यांदा कुणी विश्वास ठेवला नव्हता.
मग तिसरी.
तिसरीला दोराच्या दोन्ही बाजूंची बाकडी
एकदम करकरायची.

एकदा विचारलं, मिस लुव्ही, दोनदा का?
शेंगा सोलत म्हणाली,
"आधी सांगते, काय झालं ते.
मग बघते, अजून तसंच आहे का.
तेवढ्यात तिसरी जमवायची असते, पोरा.
कधी जमते.
कधी नुसतं गुणगुणून वेळ मारावी लागते."

सव्वीस साली शिकागोहून पत्र आलं,
खुर्च्या-कपाटं विकणाऱ्या एका कंपनीचं.
फोनोग्राफची लाकडी पेटी खपवायची,
तर तिच्यात घालायला आवाज हवा.
भिंतींना गोधड्या टांगलेली खोली,
पत्र्याचं नरसाळं, फिरतं मेण.
हलायचं नाही, म्हणाले.
बूट काढून ठेवायला लावले, खडखड येते म्हणून.
चार गाणी, चाळीस डॉलर, एक सही.
तबकडीवर नाव छापलं: लव्हिना प्रूट.
ती तबकडी मी आजही लावतो.
सगळं आहे तिच्यात. बूट नाही.

पुढचं भराभर सांगतो, कारण झालंच भराभर.
पूर आला, तंबू गेला.
बँका बुडाल्या, त्यांच्यामागून कंपनी.
उरलेल्या तबकड्या कुणीतरी पोत्यांनी नेल्या
आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर कौलांसारख्या ठोकल्या म्हणे.
ऐकीव आहे.
पण गारा पडल्यावर ते छप्पर कसं वाजत असेल,
याचा विचार मी बऱ्याच रात्री केलाय.

गॅरी, इंडियाना. पोलादाच्या भट्ट्या,
दोरीवरच्या चादरींवरही काजळी.
तिला इस्पितळाच्या लाँड्रीत काम,
तेवीस वर्षं नर्सांच्या टोप्यांना खळ.
रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर, ओठ मिटून.
मी भट्टीवर, राहायला तिच्या शेजारी.
गाण्याचा विषय तिनं काढला नाही,
मीही नाही.

बासष्टच्या मार्चमध्ये एक गोरा पोरगा दारात,
हातात टेपरेकॉर्डर, डोळे भरलेले.
म्हणाला, तुम्ही गेलात असं छापून आलंय.
"बरोबर छापलंय," ती म्हणाली.
"बस. कॉफी घे."
इस्त्री चालूच.

मी घरी जाऊन तबकडी आणली.
माझ्याकडे ती आहे हेच तिला ठाऊक नव्हतं.
माझ्याकडे पाहिलं एकदा, काही बोलली नाही.
मग खोलीत छत्तीस वर्षांमागची एक बाई गायला लागली,
आणि ही मान जरा कलती करून ऐकत राहिली,
परक्याच्या खिडकीत डोकावल्यासारखी.

पहिली ओळ झाली.
दुसरी झाली.
टेबलाखाली सपातेतला डावा पाय
हळूच फरशीवर पडला.
थांबला. पुन्हा पडला.

पोरगा वायरींच्या गुंत्यात,
त्याचं यंत्र अजून सुरूही झालं नव्हतं.
मी पाहिलं. मला खालचंच पाहायची सवय.

तिसरी ओळ येते न येते तोच जळका वास आला.
तिनं इस्त्री उचलली.
डॉक्टरांच्या पांढऱ्या शर्टावर
तपकिरी, टोकदार डाग.
"घ्या," ती म्हणाली, "गेला पगार,"
आणि हसायला लागली.
इतकी, की तबकडी संपून
सुई नुसती खरखरत होती
आणि कुणीच उठत नव्हतं.