पाव

नारिनकडे या जातीच्या गाडीला पाव म्हणतात.
आकारच तसा, साच्यातून नुकताच उपडा केल्यासारखा.
एकवीस वर्षं तू मागे, मी चाकावर.
बाळंतिणी, मोडलेल्या तंगड्या,
आणि तो मेंढपाळ, ज्याला वाटेतच सांगून टाकायचं होतं
की शेजाऱ्याचा घोडा त्यानेच नेला होता.

सरकारने नवी गाडी दिली, नवी नर्स दिली.
ही मला मिळाली भंगाराच्या भावात.
तुझा चाळिसावा होऊन गेला होता.
भाऊ म्हणाले, दगड बसवू, काळा, चेहरा कोरलेला.
म्हटलं, बसवा.
ती एका जागी बसणारी नव्हती, हे मात्र बोललो नाही.

स्ट्रेचर काढलं, पट्टे ठेवले.
ते आता पुस्तकांच्या पोटावरून जातात,
नाहीतर खिंडीतल्या तिसऱ्या वळणालाच सगळी खाली.
सलाइनच्या हुकाला कंदील.
फळ्या मी ठोकल्यात, तिरक्या आहेत.
बघू नकोस.

लाल क्रॉसवर हिरव्या रंगाचे दोन हात दिले.
पाऊस पडून वाळला की तो पुन्हा वर येतो,
खरचटल्यासारखा.
म्हणून लोक अजून हात करतात.
परवा एक म्हातारा, गाल धरून: दाढ.
म्हटलं, दाढ नाही. घोड्यांच्या आजारांवर एक आहे,
समुद्रावर एक आहे.
त्याने जरा विचार केला.
समुद्र नेला.

उल्जान आजी अजून बाही वर करून बसते.
मी तुझा पट्टा गुंडाळतो, फुगा दाबतो,
काटा थरथरतो. त्याचं काय म्हणणं आहे, मला कळत नाही.
गुरुवारी नर्स येईल, तिला दाखव, म्हणतो.
मग ती मला वाचायला लावते, अर्धं पान.
माझं वाचणं तुला माहीत आहे, बुरुलकान,
चिखलातल्या चाकासारखं. पुढे, मागे, पुढे.
ती डोळे मिटून घेते.
ऐकते की झोपते, विचारत नाही.
निघताना खिशात मूठभर कुरुत कोंबते.

नोंदवही तुझीच.
तू डाव्या पानांवरच लिहायचीस, ताप, नाडी, वजनं.
उजवी का सोडलीस, कधी विचारलं नाही.
तिथे आता कुणी काय नेलं ते.
एका डाव्या पानावर: मुलगी, गाडीतच, दोन किलो नऊशे.
समोर, अकरा वर्षांनी, माझ्या वाकड्या अक्षरात:
जिपारा, कोल्ह्यांचं पुस्तक, परत केलं.
जिपारा, ताऱ्यांचं, परत केलं, पानाला जॅम.

तिलाच ते दिसलं, काचेपाशी ठेवलेलं,
ज्यात तुझी केसांची पिन आहे.
ते द्यायचं नाही, म्हटलं.
का?
कुणाचं तरी अर्धं वाचून झालंय.
मग उरलेलं?

बाहेर घोडी दोहत होते. बादलीत धार पडल्याचा आवाज.
मी नोंदवही उघडली.

तीन आठवड्यांनी पुस्तक घेऊन आली.
पिन चाळीस पानं पुढे.
एवढंच झालं, म्हणाली, मेंढ्या होत्या ना.
मी ते हातात घेतलं, मिटलं,
तिचं बोट मध्येच होतं, चिमटलं.
घेऊन जा, म्हटलं. सावकाश.

मग बर्फ लवकर आला.
कुरणावरचे तंबू एका दिवसात उठले.
त्यांचं हिवाळी घर खिंडीपलीकडे, आणि खिंड मे महिन्यापर्यंत बंद.
तू तिकडे कितव्या पानावर आहेस, कुणास ठाऊक.

रात्री गाडी थोडा वेळ सुरू करून ठेवतो,
इंजिन गोठू नये म्हणून.
मागे पट्ट्यांचे बक्कल वाजतात.
दोनदा वळून पाहिलं.