आशेचा हप्ता

पितृपक्षात लग्नं नसतात,
म्हणून मानेवाड्याचं सभागृह स्पर्धेला स्वस्तात मिळालं.
कोपऱ्यात नवरानवरीच्या मखमली खुर्च्या
एकमेकींवर पालथ्या.
बहात्तर जण बसलो होतो, आता उरलो सतरा.
कूलर नुसताच आवाज करतोय.

माझ्या हातात दोन अठ्ठ्या, इस्पिकची आणि किलवरची.
टेबलावर तिसरी, चौकटची.
तिच्या अल्याड बदामाचा राजा, पल्याड बदामाची चव्वी.
अठ्ठीला तोरा नसतो, मध्यमवर्गीय पान ते.
तिघी एकत्र आल्यात
असा संशयही कुणाला येत नाही.

समोर रुपेश नंदनवार, गोळीबार चौकातला,
कानात बाळी, बोटांना विडीचा वास.
त्यानं आपली दोन पानं पुन्हा उचलून पाहिली.
ज्याचं जमलेलं असतं तो दुसऱ्यांदा पाहत नाही.
दुसऱ्यांदा पाहतो तो रंग मोजतो:
दोन माझे, दोन टेबलावर,
अजून एक बदाम, बस एक.

बत्तीस वर्षं सीताबर्डीच्या विमा कचेरीत
मी लोकांच्या ‘जर’ला भाव लावत बसले.
वय, वजन, वडील कशानं गेले.
हसत आलेल्या माणसालाही विचारायचं,
धाप लागते का?

चौथं पान उघडलं, किलवरची दुर्री.
न दिसलेली पानं शेहेचाळीस.
बदाम नऊ.
त्यातली अठ्ठी आली तर माझ्या चारही भेटतात,
दुर्री आली तरी माझंच घर भरतं.
त्याचे उरले सात.

इथेच लोक चुकतात.
हातात बळ आलं की लाजतात,
चार चकत्या हळूच पुढे सरकवतात,
पाहुण्याला ‘बसा ना, चहा टाकते’ म्हणावं तशा.
मग पाहुणा चहा पितो,
आणि जाताना दाराची किल्ली नेतो.
शिवाय स्पर्धेत घरी जाऊन पैसे आणता येत नाहीत.
संपलं की उठायचं.

मध्ये ढिगात सहा हजार.
मी नऊ टाकले, म्हणजे त्याचं होतं नव्हतं तेवढं.
सात पानांसाठी एवढा हप्ता कुणी भरत नाही.

तो भरतो.

‘काऊन बे!’ त्याच्या मागे उभा मित्र कळवळला.
शेवटच्या पानाआधी
मला उगाच आईच्या पेटीतली लाल मखमल आठवली.
पान आलं चौकटची सत्ती.
लालच, पण बदाम नाही.
रुपेशनं हात मिळवला. तळवा ओला होता.

पाचव्या डावात
मी स्वतःची पानं दुसऱ्यांदा उचलून पाहिली.
राणी चालली असती, सत्तीही चालली असती.
जरीपटक्याचे हेमराजानी काका
चष्म्यावरून माझ्याकडे बघत सगळ्या चकत्या पुढे लोटते झाले.
हप्ता बरोबर लावला होता त्यांनी.
मी असते तर तेवढाच लावला असता.
माझ्या टेबलावरून असा अर्ज आला असता
तर लाल शाईनं परत गेला असता.
मी भरला.
आली तिर्री.

नंबर अकरावा. बक्षिसं नऊ जणांना.

पहाटे कस्तुरचंद पार्कजवळ पोह्याच्या गाडीवर
रुपेश भेटला, गेला नव्हताच घरी.
‘मावशी, थोडे कमी टाकले असते तर?’
‘तर तू स्वस्तात पाहिलं असतंस.’
‘अन् तुमी? तुमी काऊन पाह्यलं?’
मी मिरची तोंडात टाकली,
म्हणजे बोलावं लागू नये.

गाडीवाल्यानं विचारलं, अजून तर्री?
आम्ही दोघांनी एकदमच प्लेट पुढे केली.
तिचे तो पैसे घेत नाही.