बुधवार, चार वाजता

डिसेंबरात इथे तीनलाच अंधारतं.
शेटलंडच्या या बंदरावर
ग्रंथालयाचं दार माझ्याआधी वारा उघडतो.

सात मुली. हीटरपाशी ओले बूट.
गेल्या वर्षीच्या खुर्च्या यंदा गुडघ्यांना पुरत नाहीत,
तरी मोठ्यांच्या टेबलाकडे
एकही सरकत नाही.

आजच्या गोष्टीतली मुलगी
रात्री होडी सोडवून पळून जाते.
‘शूर आहे,’ इंगा म्हणते.
‘मूर्ख आहे,’ आयल्सा.
जुंपते. बिस्किटांचा चुरा पानापानांत.

ऑस्ला कोपऱ्यात, पुस्तक मिटलेलं,
बाहीचं टोक दातांत.
दर बुधवारी मी विचारते, वाचलंस?
दर बुधवारी ती म्हणते, थोडंसं.

आज मध्येच बोलली:
‘मग सकाळी कुत्र्याला खायला कोणी घातलं?’

सगळ्या गप्प.
आम्ही पानं उलटत गेलो, मागे, आणखी मागे.
कुत्रा चौथ्या पानावर होता,
दाराशी, एका ओळीपुरता.
पुढे लिहिणाराच त्याला विसरला होता.

नोंदवहीत मी लिहिलं :
हजर सात, बिस्किटं संपली.
बाहेर कुणाच्या तरी आईने हॉर्न दिला,
दोनदा.
ऑस्लाचं बोट
चौथ्या पानावरून हललं नाही.